एक हेड, दोन टाइमटेबलवाले

दोन ऑफिसं एक झाली की फायली कमी होतात म्हणे. आमच्याकडे फायली तेवढ्याच राहिल्या, किस्से मात्र डबल झाले. चहाला बसलो की एक सांगावा, तर मागून चार निघतात.

झालं असं. मी बसवाला. म्हणजे स्टेशनातून लोकांना घरापर्यंत सोडणाऱ्या बसेसचं टाइमटेबल करणारा. तेजस रेल्वेवाला, लोकल गाड्यांचं टाइमटेबल करणारा. सरकारने आमच्या दोन्ही संस्थांचं मर्जर केलं. आता टाइमटेबल सेक्शन एक, हेडची पोस्ट एक, आणि उमेदवार दोन. मी दिल्लीतल्या मुनिरकाच्या भाड्याच्या खोलीतून येणार, तो गुरुग्रामच्या सोसायटीतून. बाकी आमच्यात काही फरक नाही. त्याची खुर्ची सोडून.

*

त्याच्या खुर्चीला चाकं होती, मान टेकायला उशी होती! माझी प्लास्टिकची, एक पाय सुतळीने बांधलेला.

मी शांतपणे एक कागद प्रिंट केला आणि त्याच्या खुर्चीवर चिकटवला : ‘मर्जर निरीक्षण हेतु आरक्षित. बैठना मना है.’

पठ्ठा दोन दिवस उभ्याने काम करत होता. बिल्कुल तक्रार नाही!

तिसऱ्या दिवशी ऑफिसने त्याला नवी खुर्ची दिली. जुनी निरीक्षणात अडकली होती ना. नवीला पाय ठेवायला पण जागा आहे.

*

मग बस आणि ट्रेनची जॉइंट ट्रायल. मी बसच्या ड्रायव्हरला सांगितलं, “ट्रेनची माणसं आल्याशिवाय हलायचं नाही.” तेजसने ट्रेनच्या ड्रायव्हरला सांगितलं, “बसची माणसं आल्याशिवाय हलायचं नाही.”

ट्रायल रिकाम्या गाड्यांची होती. गेटवर रिकामी बस, प्लॅटफॉर्मवर रिकामी ट्रेन, दोघी एकमेकींची वाट बघत उभ्या.

शेवटी बसच्या ड्रायव्हरचा फोन आला, “सरजी, सवारी इधर से आएगी या उधर से?”

रिपोर्टमध्ये आमच्या खन्नासाहेबांनी लिहिलं, ‘ट्रेनने उत्तम संयम दाखवला.’ ट्रेनने! आणि माझी बस काय नाचत होती?

*

तेजसची आई आणि माझी आई गणपती मंडळातल्या मैत्रिणी. त्यामुळे बातम्या मला ऑफिसच्या आधी घरून कळतात.

“तेजस हेड होतोय म्हणे. तू काय करतोस?”

“मी त्याच्यावर जळतोय.”

“मग नीट जळ. त्यात तरी दुसरा येऊ नकोस.”

*

आमच्या सेक्शनमध्ये कुलकर्णीकाका आहेत. मर्जरनंतर हजेरीची रजिस्टरं दोन झाली. काकांनी कशाला वाद, म्हणून दोन्हीत सही ठोकली. एचआरने दोन कुलकर्णी धरले आणि ट्रेनिंगला दोघांना बोलावलं.

ट्रेनिंगच्या मॅडमनी विचारलं, “दूसरे कुलकर्णी जी कहाँ हैं?”

काका म्हणाले, “चाय पीने गए हैं.”

मॅडमनी दोघांनाही सर्टिफिकेट दिलं.

*

आता हेडचं. खन्नासाहेबांनी फर्मान काढलं : स्वतःचं कौतुक नको, मी तेजसच्या कामावर एक पान लिहायचं, त्याने माझ्या.

वाईट लिहिलं तर माझी जळजळ दिसली असती. म्हणून मी पोटभर कौतुक केलं. ‘तेजस जागेवरून हलला तर एकही ट्रेन वेळेवर धावणार नाही. त्याला पर्याय नाही.’ म्हणजे साहेब त्याला आहे तिथेच ठेवणार आणि हेड मी!

निकालाला दोघांना केबिनमध्ये बोलावलं. साहेबांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली. माझ्यावरच्या पानात लिहिलं होतं, ‘हा हलला तर एकही बस वेळेवर धावणार नाही. याला पर्याय नाही.’

मी तेजसकडे बघितलं. तेजस पंख्याकडे बघत होता.

“आप दोनों को हिलाना रिस्क है,” साहेब म्हणाले. “हेड ऐसा चाहिए, जिसे उठा लो तो कोई काम न रुके.”

सगळ्या सेक्शनमध्ये असा माणूस एकच निघाला.

सोमवारी कुलकर्णीकाका हेडच्या केबिनमध्ये बसले. आम्हा दोघांना आत बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं आणि हळू आवाजात म्हणाले,

“बाळांनो, तुम्ही छान लिहिता असं ऐकलंय. मी काय काम करतो, त्यावर एक पान लिहून द्या ना. साहेबांनी मागितलंय.”