झोराइदाचं धुतलेलं रक्त

तियाबायात कुणाचं ऑपरेशन ठरलं, की घरची माणसं आधी झोराइदाच्या खाणावळीत यायची. जवळच्या आरेकिपा शहराच्या इस्पितळात रक्त वापरलं की तेवढं भरून द्यावं लागे, आणि त्यासाठी माणसं गोळा करावीत ती झोराइदानंच. चुलीपासून उठून, एप्रनला हात पुसत ती टेबलांमधून फिरायची.

"ओक्तावियो, उद्या सकाळी इस्पितळात. आज मक्याच्या चिचा-दारूचा थेंब मिळायचा नाही."

"मावशी, मला सुईची भीती वाटते गं!"

"शिंपी ना रे तू?"

सगळे हसायचे आणि ओक्तावियो निमूट जायचा.

मग झोराइदाचंच हृदय कुरकुरायला लागलं. पातेलं ढवळतानाही धाप लागायची. झडप खराब झालीय, बदलावी लागेल, असं डॉक्टरीण वेलार्देबाईंनी सांगितलं. गल्लीत बातमी पोचायचा अवकाश, रक्त द्यायला पहिला नंबर कुणाचा यावरून भांडणं जुंपली. बेकरीवाला रेमिहियो तर बाह्या सरसावूनच बसला.

पण झोराइदाला इस्पितळात दाखल करून घेताना डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "इतक्या माणसांची गरज नाही. ऑपरेशनमध्ये सांडेल ते तुमचंच रक्त यंत्रात धुऊन तुम्हाला परत देणार आहोत."

झोराइदाचं तोंड वाकडं झालं. "सांडलेलं परत भरणार? बाई, माझ्या खाणावळीत ताटाबाहेर पडलेला दाणासुद्धा मी कुणाला वाढत नाही."

ती ऐकेना, तेव्हा बाईंनी यंत्र चालवणाऱ्या अब्दोनला बोलावलं. गोल चेहऱ्याचा, हळू बोलणारा माणूस. खुर्ची ओढून तो तिच्या खाटेजवळ बसला.

"आधी ते गाळून घेतो," तो म्हणाला. "मग वाटीत गरगर फिरवतो. जड लाल पेशी कडेला बसतात. वरून मिठाचं पाणी सोडत राहतो. फुटक्या पेशी, चरबी, रक्त गोठू नये म्हणून घातलेलं औषध, सगळं त्या पाण्याबरोबर निघून जातं."

"आणि धुतलं गेलं हे कळतं कसं?"

"निघणारं पाणी आधी लाल असतं. ते नितळ व्हायला लागतं, आणि यंत्रही सांगतं."

झोराइदानं हवेतच दाणे चोळल्यासारखं केलं. "किन्वाचे दाणे धुतो तसं. फेस जाईपर्यंत."

"अगदी तसं. आणि पेशी तुमच्याच, ताज्या. पिशवीत कित्येक दिवस थंड पडलेल्या नव्हेत."

"मग वाईट काय त्यात? काहीतरी असेलच की."

अब्दोन हसला. "आहे ना. रक्त गोठवणारा भागही धुऊन जातो. फार रक्त गेलं, तर तो भाग असलेला प्लाझ्मा दुसऱ्याचा द्यावा लागेल."

लपवलं नाही, म्हणून तिला माणूस आवडला. "धू बाबा," ती म्हणाली. "पण घाई करायची नाही."

इकडे गल्ली रुसली. संध्याकाळी रेमिहियो खाटेशी येऊन म्हणाला, "आमचं रक्त नको झालं का मावशी? यंत्र जवळचं झालं?"

शेजारच्या खाटेवर लांबच्या चिवाई गावाकडचा सातुर्निनो होता, मेंढ्या पाळणारा. त्याच्या झडपेला जंतूंची लागण झाली होती. ऑपरेशन त्याचंही व्हायचं होतं, पण त्याचं रक्त धुऊन परत देता येणार नव्हतं, कारण जंतू धुण्यानं जातीलच असं नाही. आणि शहरात त्याचं कुणी नव्हतं. रोज दार वाजलं की तो मान वळवून बघायचा, ते झोराइदाच्या लक्षात आलं होतं.

"रुसायला वेळ कुठाय रे?" ती रेमिहियोवर खेकसली. "हा बघ, याच्या नावानं द्या. सगळ्यांना सांग."

"आम्ही ओळखतही नाही त्याला!"

"मग ओळख करून घे. सातुर्निनो, हा रेमिहियो. पाव बरा करतो, तोंड जास्त चालवतो."

सातुर्निनो टोपी छातीशी धरून उठू लागला, तर रेमिहियोच ओशाळला. दुसऱ्या सकाळी रक्तपेढीच्या दारात अर्धी गल्ली उभी होती.

झोराइदाचं ऑपरेशन बराच वेळ चाललं. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी अब्दोनचीच चौकशी केली.

"बरंचसं तुमचंच परत गेलं," तो म्हणाला. "प्लाझ्मा मात्र थोडा दुसऱ्याचा द्यावा लागला."

"कुणाचा?"

"ते आम्हालाही कळत नाही."

मग तिनं अंदाज बांधायला सुरुवात केली. "हल्ली मला गोड खावंसं वाटतंय," ती भाची लुसमिलाला म्हणाली. "रेमिहियोचाच असणार मेला."

"मावशी, प्लाझ्मानं असं काही होत नाही."

"तुला काय माहीत, तुला दिलाय का कुणी?"

सातुर्निनोही बरा झाला. त्याला सोडलं खरं, पण टाके काढायला परत यायचं होतं आणि गाव दूर. झोराइदानं त्याला मागची खोली दिली. तिला स्वतःला पाट्याला हात लावायची बंदी होती, म्हणून ती दारात खुर्ची टाकून लुसमिलाला ओरडायची, आणि सातुर्निनो टोपलीभर बटाटे सोलत बसायचा. सालं फार जाड काढायचा. झोराइदाला ते बघवत नसे, पण त्याला ती काही बोलली नाही. खाणावळीत असं पहिल्यांदाच झालं, असं ओक्तावियो अजून सांगतो.