दोन आकड्यांची अदलाबदल

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. माझ्यासारख्याने असं म्हणावं — मला ओळखणारे हसतील. कारण न सांगितलेली गोष्ट माझ्याकडे टिकतच नाही. घडलेल्या तर सांगतोच, न घडलेल्या जास्त रंगवून सांगतो. राहुरीच्या उसात बिबट्या समोर आला, मी त्याला घर्षणाची व्याख्या विचारली आणि तो शेपूट घालून पळाला, ही माझी गोष्ट नगरच्या निम्म्या स्टाफरूममध्ये फिरते. त्यातला बिबट्या दरवर्षी हातभर वाढतो. तेव्हा आता जे सांगणार आहे त्यातही तिखटमीठ असेल असं तुम्हाला वाटलं, तर दोष तुमचा नाही. पण यात नाही. कसं पटवू? जाऊ द्या. न पटलं तरी सांगतो.

मी नगरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. म्हणजे मुलांना हसवायचो आणि त्यात मधूनमधून भौतिकशास्त्र पडायचं. पण माझ्या नावावर एक शोधनिबंध होता. एकच. स्फटिकात अणू जाळीसारखे ओळीने बसलेले असतात. त्या जाळीत इलेक्ट्रॉन कसे वावरतात, त्यांना कोणती ऊर्जा चालते, कोणती चालत नाही, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं — हा माझा विषय. एका नव्या संयुगाचं गणित मी केलं आणि लिहून मोकळा झालो की हा अर्धवाहक आहे. म्हणजे त्यातल्या ऊर्जेच्या दोन पट्ट्यांमध्ये फट आहे. फट असली तर अर्धवाहक, पट्टे एकमेकांत घुसले तर धातू.

घोडेगावचा गुरांचा बाजार पाहिलाय? समजा एका बाजूला म्हशींची रांग आहे, दुसऱ्या बाजूला बैलांची, मधून चालायची वाट. तुम्ही डोळे मिटून चालताय आणि दर पन्नास पावलांवर एकदाच उघडताय. प्रत्येक वेळी वाट दिसली. घरी येऊन तुम्ही सांगितलंत, वाट शेवटपर्यंत मोकळी आहे. मधे कुठे म्हशी बैलांत मिसळल्या होत्या का, तुम्हाला काय माहीत? मी अगदी हेच केलं होतं. गणित मोजक्याच ठिकाणी तपासलं. कॉम्प्युटर जुना होता, वेळ फार खायचा. आणि — मला वाट मोकळीच हवी होती.

निबंध छापून आला. त्यावर मी काय काय बांधलं. जर्मनीहून पत्र आलं म्हणालो. तिकडे माझ्या संयुगाचे सोलर पॅनल बनताहेत म्हणालो. पत्र आलंच नव्हतं. पण दहा वर्षं सांगितलं की स्वतःलाही पोस्टमन आठवायला लागतो.

मग नसरीन आली. भिंगारची, वडील लष्कराच्या वर्कशॉपात फिटर. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला माझ्याकडे प्रकल्प करायला. मी तिला तेच संयुग दिलं. आयतं आहे, उत्तर माझंच येईल, काळजी नाही. आठवड्याने लॅबमधले गवळीमामा मला म्हणाले, "सर, त्या पोरीला काय दिलंय तुमी? डबा खायलाबी उठंना. लई चिवट हाय." मी हसलो. चिवटपणाचा मला कधी त्रास होईल असं वाटलं नव्हतं.

तिने पन्नास पावलांची उडी मारलीच नाही. पाऊल न् पाऊल चालली. आणि एका दुपारी आलेख घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, पट्टे भिडतात. एकाच कोपऱ्यात, पण भिडतात. चारदा बघितलं."

"म्हणजे धातू म्हणतेस तू याला?"

"मी नाही म्हणत सर. येतंय तसं."

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी बसून तेच गणित बारीक करून चालवलं. ती बरोबर होती. हे मला कळलं, पूर्ण कळलं, शंकेला जागा उरली नाही — हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे केलं ते गैरसमजातून केलं नाही.

तिच्या पुढे काय होतं तेही मला माहीत होतं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मुलाखत होती. मुलाखतीच्या दोन दिवस आधी कॉलेजात सादरीकरण, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर. निवड झाली तर पुणे, नाही झाली तर घरात ठरलंय ते लग्न. अब्बांनी एवढंच कबूल केलं होतं. तिनेच मला सांगितलं होतं. शिक्षकाला सांगावं तसं, भरवशाने.

सादरीकरणाच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, लॅब रिकामी होती. ती नमाजाला गेली होती. फाइल उघडीच. आपल्याच लॅबमध्ये कोण कशाला बंद करेल? त्यात जाळीतल्या दोन अणूंमधलं अंतर लिहिलेलं होतं, ५.८६. मी ते ५.६८ केलं. एवढंच. शिंकायलाही जास्त वेळ लागतो. त्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची बॅटरी कधीच गेलेली, प्रत्येक फाइलवर एकच जुनी तारीख पडायची. कोण कधी बसलं, काय बदललं, कळायची सोय नव्हती. हे मला त्या क्षणी आठवलं होतं का? आठवलं होतं.

तिने आलेख दाखवले. फार नीट बोलली. मग मी उठलो, परीक्षकांकडे बघून हसलो आणि म्हणालो, चला, मूळ फाइल बघू. फाइल पडद्यावर आली. मी आकड्यावर बोट ठेवलं. अंतर कमी, म्हणजे जाळी दाबलेली; आणि जाळी दाबली की पट्टे भिडणारच, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यावर मी विनोदही केला — गर्दीत दाबलं तर अनोळखी माणसंही गळ्यात पडतात. सगळे हसले. परीक्षक चष्मा काढून हसले.

ती पडद्याकडे बघत राहिली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. संशय यायला माझ्याकडे बघायला हवं होतं ना.

"सर, हे मी टाइप केलंय?"

"मग काय गवळीमामांनी?"

पुन्हा हशा. ती म्हणाली, परत चालवून बघते. मी म्हणालो, चार दिवस लागतील बाळा, मुलाखत परवा आहे, असू दे, होतं असं. आणि शिफारसपत्रात लिहिलं — कष्टाळू आहे, परंतु आकड्यांच्या बाबतीत निष्काळजी. ते बंद पाकीट तिने स्वतःच्या हाताने पुण्याला नेलं. निवड झाली नाही. तिने परत कधी ते गणित चालवलं नाही.

कशासाठी? निबंध वाचवायला. पुढे परदेशात कुणीतरी ते संयुग खरंच बनवून मोजलं. धातू निघाला. मी महिनाभर घाबरून होतो की आता विचारणा होईल. कुणी काही विचारलं नाही. कारण माझा निबंध कुणी वाचलेलाच नव्हता. अख्ख्या जगात त्याचा वाचक एकच निघाला. नसरीन.

यंदा सुप्याच्या एका कारखान्यातून मला भाषणाला बोलावलं. कामगारांच्या मुलांसाठी, विज्ञानावर. नाव तिनेच सुचवलं होतं. ती तिथे क्वालिटीत आहे. तिथला एक सुपरवायझर चहा घेताना म्हणाला, "मॅडम एक आकडा तीनतीनदा बघतात सर. लाइन थांबते, वरून बोलणी खातात, पण घाईत सही नाही." ती हसून म्हणाली, "सरांनी लावलेली सवय आहे. माझी चूक सरांनी वेळेवर पकडली होती." म्हणताना तिच्या चेहऱ्यावर आदर होता. खरा. मी तो बघितला आणि चहा प्यालो.

भाषण झालं. मुलं पोट धरून हसली. मग ती तिच्या मुलीला घेऊन आली. नववीतली, आईसारखीच एकटक बघणारी. मुलगी म्हणाली, "सर, मला पुढे गणित घ्यायचंय. अम्मी म्हणते, आमच्या घरात आकड्यांचं भान नाही कुणाला, नको घेऊस. तुम्ही अम्मीला शिकवलंय. तुम्ही सांगा."

तेव्हा मला वाचवायला निबंध तरी होता. या वेळी काही नव्हतं. मी रिटायर झालोय, निबंध मेलाय, विचारणारं कुणी उरलेलं नाही. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "अम्मी हुशार होती तुझी. पण आकड्यांत चुकायची, हे खरंय."

नसरीनने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ," म्हणाली, "मी सांगत नव्हते?"

मुलीने मान हलवली.