कोरा रकाना

मुलीच्या जातपडताळणीसाठी आजोबांची इंग्रजांच्या काळातली नोंद हवी होती, म्हणून गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका सरकारी रेकॉर्ड रूममध्ये मी तीन दिवस बसून होतो. जुनी दप्तरं काढून देणारा शिपाई निवृत्तीला आलेला होता. त्याचं नाव मी विचारलंच नाही. ती पानं बोटानं उलटली की तुटतात, म्हणून तो एक्स-रेची जुनी फिल्म पानाखाली सरकवायचा आणि आजारी माणसाची कूस बदलावी तसं पान पलटायचा.

तिसऱ्या दिवशी आजोबा सापडले. जातीच्या रकान्यात त्यांचा धंदा लिहिलेला होता, 'विणकर'. मी कपाळाला हात लावला.

"सायबाचा कारकून घाईत असन, भाऊ," तो म्हणाला. "हातात मागाचा धोटा दिसला, लिहून टाकलं. जात काहून विचारते तो?"

"साहेब जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याचंच खरं?" मी चिडलो.

त्यानं दुसरं दप्तर सोडलं आणि न शोधता नेमकं पान उघडलं.

"हा माहा आजा."

नावापुढचा जातीचा रकाना कोरा होता. त्यापायी या शिपायाच्या मुलीची नर्सिंगची जागा गेली होती.

माझी नजर त्याच्या खिशातल्या पेनावर गेली. ते त्यानं ओळखलं.

"दहा वर्षं झाले, हे पान मीच उघडून राहिलो," फिल्म अलगद काढत तो म्हणाला. "पेन बी माह्याजवळच आहे. पन अक्षर त्या कारकुनाचं पाहिजे नं."