कानामागचे केस

मी अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जो अडाणीपणा केला त्याला शिक्षणाचा अभाव हे कारण देता येणार नाही.

आमची मुलगी साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ‘आई’ नाही, ‘बाबा’ नाही, साधं ‘दे’सुद्धा नाही. हवं ते दिसलं की माझा हात धरून ओढत न्यायची आणि माझाच हात त्या वस्तूवर ठेवायची. नात्यातल्या प्रत्येकाकडे एक तरी असा काका होता, जो पाच वर्षांचा होईपर्यंत मुका होता आणि नंतर थांबलाच नाही. लहान मुलांच्या डॉक्टरांनी तिला नीट तपासलं, स्पीच थेरपी सुरू करून दिली आणि ‘वेळ लागेल’ म्हणाले. वेळ लागेल हे उत्तर मला चालत नव्हतं. मला कारण हवं होतं.

ते मोबाइलवर सापडलं. मुलांच्या आहारावर सल्ला देणाऱ्या एक बाई होत्या. डॉक्टर नव्हत्या, पण कोट पांढरा होता. त्यांचं म्हणणं असं की मुलांच्या अंगात शिसं, पारा असले जड धातू साठतात आणि वाचा अडते. केस तपासले की सगळं कळतं आणि थेंब दिले की सगळं बाहेर पडतं. आदल्याच महिन्यात, पोरीची पत्रिका बघून वाचा कधी फुटेल ते सांगतो म्हणणाऱ्या एका गुरुजींना मी जिन्यावरूनच परत पाठवलं होतं. पत्रिकेवर माझा विश्वास नाही. पीडीएफवर आहे.

बाईंनी पाठवलेल्या पीडीएफमध्ये सूचना होत्या: चमचाभर केस, मानेजवळचे, अगदी मुळाशी कापलेले. पोरीचं जावळ काढून फार दिवस झाले नव्हते, केस बेताचेच. मानेवर टक्कल दिसू नये म्हणून मी दोन्ही कानांमागचे कापले. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्या अक्कलकोटकडच्या, लाडात असल्या की मराठी बोलतात आणि चिडल्या की कानडी.

“केस पाकिटात घालून पाठवायलीस? कुणी करणी-बिरणी केली म्हंजे?”

“आत्या, ती प्रयोगशाळा आहे.”

“तितं बी माणसंच असत्यात की.”

मी हसले. अंधश्रद्धा म्हणून वर्गात सांगायला एक बरं उदाहरण मिळालं, असंही मनात आलं.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. पानापानावर रंगीत पट्ट्या. कॅल्शियम, जस्त वगैरे गरीब मंडळी हिरव्यात मुकाट बसलेली, आणि शिशाची लाल पट्टी रकाना ओलांडून पार समासात गेलेली. उत्तराला एकक लिहिलं नाही तर पोरांचा अर्धा गुण कापणारी मी. पण हिरवं कुठं संपतं आणि लाल कुठं सुरू होतं हे कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, हे मी विचारलं नाही. व्हिडिओ कॉलवर बाई म्हणाल्या, “बघितलंत?” आणि खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी त्यांना थँक्यू म्हटलं.

मग आम्ही साप साप म्हणून भुई धोपटायला सुरुवात केली. ॲल्युमिनियमचा कुकर गॅलरीत गेला. भेसळीच्या भीतीनं हळद गेली. चार दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यावर संशय आला म्हणून विकतचे जार आले. नवरा टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यावर आहे; तो बिचारा रंगाचा कण घरात येऊ नये म्हणून जिन्यातच शर्ट काढायला लागला. खालच्या काकू संध्याकाळी सहा वाजले की दार लावून घेऊ लागल्या. आत्यांचं कल्हईचं पातेलं मी माळ्यावर टाकलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “तुज्या नवऱ्याला त्यातच शिजवून घातलंय. तो बोलतोय की. लई बोलतोय.”

थेंबांची बाटली आली. सोमवारी सुरू करायचं ठरलं. शनिवारी पोरीला सर्दी झाली म्हणून आत्या आणि मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून रिपोर्टही नेला. तुम्हाला जे सापडलं नाही ते मला सापडलं, हे ऐटीत सांगायची संधी कोण सोडतं.

डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला.

“केस कुठले घेतले, मॅडम?”

“कानामागचे. मुळाशी. स्टीलच्या कात्रीनं.”

त्यांनी पोरीचा कान हळूच पुढे दुमडला. मागे रुपयाएवढी काळीभोर तीट.

आता ही तीट तिथे कशी गेली ते सांगायला हवं, कारण ती मीच तिथे पाठवली होती. पूर्वी आत्या गालावर लावायच्या. पोरगी फोटोत शेतातल्या बुजगावण्यासारखी दिसते म्हणून मी कटकट केली, तेव्हा आमचा तह झाला की दृष्ट लागू नये म्हणून लावायचीच असेल तर कानामागे, कुणाला दिसणार नाही अशी लावायची. रोज अंघोळीनंतर लागत होती, एकदा या कानामागे, एकदा त्या. आणि केस कापण्याआधी ती मी ओल्या कापसानं नीट पुसून घेतली होती. पुसून, म्हणजे आजूबाजूच्या केसांना व्यवस्थित चोपडून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“काजळ कुठलं, आजी?”

“जत्रेतलं हाय.” आत्यांनी कमरेच्या पिशवीतून डबी काढली. “थंड असतंय. चकाकतंय बी.”

डॉक्टर म्हणाले, असल्या काही काजळात, सुरम्यात चक्क शिसंच असतं. केसाला बाहेरून लागलेलं कुठलं आणि शरीरातून आलेलं कुठलं, हे या कागदाला सांगता येत नाही. शिसं बघायचं तर रक्तात बघतात. मग त्यांनी बाटली उलटीसुलटी केली. “यात काय आहे तेच लिहिलेलं नाही. साखरपाणी असेल तर नशीब. खरंच धातू काढणारं औषध असेल आणि गरज नसताना दिलंत, तर पोरीच्या जिवावर बेतेल.”

मला वाटलं संपलं. पण त्यांनी डबी पुन्हा हातात घेतली. पोरगी दिवसभर कान चोळते, बोटं तोंडात घालते. तेव्हा काजळ आजपासून बंद आणि रक्त तपासायचंच.

रक्ताचा रिपोर्ट यायला चार दिवस लागले. आत्यांनी डबी टाकून दिली आणि सारखे हात धुवायला लागल्या. कानडी बंद, मराठी बंद. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता त्यांनी परातीकडेच बघत विचारलं, “म्याच केलं का गं हे?”

‘नाही हो आत्या’ म्हणायला काय जात होतं माझं? मी म्हटलं, “रिपोर्ट येऊ दे,” आणि पाठ फिरवली. याची मला आजही लाज वाटते. पण त्याहून वाईट गोष्ट अशी की ते चार दिवस मी मनातल्या मनात शिसंच मागत होते. शिसं असलं तर उपाय आहे. काजळ बंद, औषध सुरू, आणि एक दिवस पोरगी ‘आई’ म्हणेल. शिवाय खापर फोडायला डोकंही घरातच होतं.

डॉक्टर हसत म्हणाले, “काही नाही. काळजी करण्यासारखं शिसं नाही. थेरपी चालू ठेवा.”

आत्यांनी हात जोडले आणि डोळ्याला पदर लावला. मी तर हुंदके देऊन रडायला लागले. डॉक्टरांना वाटलं, दोघींना आनंदानं भरून आलं. त्यांनी पाणी मागवलं.

बाहेर पायरीवर चपला घालताना आत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“पोरीच्या अंगात इख न्हाय म्हणले की गं. मग असं का रडायलीस?”

खोटं बोलायची ताकद नव्हती. “मला वाटत होतं, असेल,” मी म्हटलं.

आता कानडी सुरू होईल म्हणून मी मान खाली घातली. आत्यांनी पोरीला कडेवर घेतलं, तिचं नाक पदरानं पुसलं.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “मी बी तेच मागत हुते. माज्यामुळं झालेलं असतं तर बरं झालं असतं. पोरगी तरी बोलली असती.”