तीर्थातली गोळी

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. मादन हिप्परगा गावात अण्णाच्या घरी हजर: वैनी, त्यांचा मुलगा रमेश आणि मी, अण्णाची धाकटी बहीण. अण्णा खाटेवर, पायाला पट्टी. कलबुर्गीला न्यायची गाडी, रिपोर्टची पिशवी, डबा, सगळी कामं मी वाटून दिली. अण्णा एवढंच म्हणाला, "सुमे, आज गुरुवार हाय. गोळी दे माझी. तीर्थाची बाटली बी आण." ... पुढच्या आठवड्यात तो कलबुर्गीलाच दवाखान्यात वारला. त्याला आता महिना उलटून गेला, तरी ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं.

तूर विकायला आळंदच्या अडतीवर आला की अण्णा माझ्याकडे जेवायचा. अशाच एका खेपेला मी त्याला तपासायला नेलं आणि मधुमेह निघाला. डॉक्टरांनी निवांत समजावलं. अण्णाच्या अंगात इन्सुलिन तयार होत होतं, पण शरीर त्याला दाद देत नव्हतं. रोगाशी लढणाऱ्या पेशींवर एक एंझाइम असतं. ते वाढलं की त्या पेशी विनाकारण भडकून राहतात आणि त्या गोंधळात इन्सुलिनचं कुणी ऐकत नाही, असं दिसतं. ही गोळी त्या एंझाइमला आवरते. साखर उतरतेच, आतला भडकाही शमत असावा, त्यावर अजून संशोधन चालू आहे, असं ते म्हणाले. म्हणून रोज घ्यायची, जेवलं तरी आणि उपाशी असलं तरी. अण्णाला हे इतकं पटलं की अडतीवर तो भेटेल त्याला सांगत सुटला, "साखर उतरली म्हणून सोडायची न्हाई. आतमधी भांडण चालूच ऱ्हातंय." स्वतः मात्र सोमवार, गुरुवार, एकादशी गोळी सोडायचा. उपासाला चालत नाही म्हणे.

मी पाकिटांवर वार लिहून दिले, सकाळी फोन करून पाहिले. काही फरक नाही. शेवटी गाणगापूर गाठलं. अण्णा दर गुरुवारी दत्ताला जायचा, तिथल्या एका पुजाऱ्यांचा शब्द त्याच्यासाठी शेवटचा. माणूस भला. त्यांना सगळं सांगितलं. पुढच्या गुरुवारी त्यांनी अण्णाच्या हातावर तीर्थ घातलं आणि म्हणाले, "अण्णा, गोळी काढा. तीर्थासंगं घ्या. देवाला चालतंय." अण्णानं घेतली. मी यादीतलं ते काम खोडलं.

काही महिन्यांनी वैनींचा फोन आला. अण्णा आता गोळी घेत होता, पण फक्त गुरुवारी, तीर्थासोबत. बाकीचे दिवस पाकीट दत्ताच्या फोटोपुढं. मी तावातावानं गेले. रोज कामून घेत न्हाईस, म्हणून विचारलं. तो माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघत म्हणाला, "तीर्थातली गोळी हाय ती. नुसत्या पाण्यासंगं कशी घेऊ?" ... पावसाळ्यानंतर ज्वारीचं धसकट पायात घुसलं, ती जखम भरलीच नाही.

परवा पुन्हा हिप्परग्याला गेले. मागच्या तपासणीत रमेशचीही साखर काठावर निघाली होती. बापाच्या मागं त्यानं गुरुवारचा उपास धरलाय. रक्त उपाशीपोटीच द्यायचं असतं, म्हणून मी मुद्दाम गुरुवार ठरवला, गाडी सांगितली, डॉक्टरांना कळवलं. तो अंघोळ करून, गंध लावून बसला होता.

"आत्ती, उपासाला रक्त काढत न्हाईत."

दत्ताच्या फोटोपुढं अण्णाचं अर्धं पाकीट तसंच आहे. वैनी त्याला रोज हळदकुंकू वाहतात. मी गाडी परत पाठवली. रमेशचं रक्त पुन्हा तपासायचं अजून राहिलंय.