आखाजीच्या घागरीवरचा आंबा

बाबा गेल्यानंतरची पहिली आखाजी आठ दिवसांवर आली होती, तेव्हाच त्यांनी लावलेलं आंब्याचं झाड वादळात मुळासकट आडवं झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि तिच्यावर आंबा ठेवतात. तोवर आई आंब्याला हातही लावत नाही.

"बजारातला नको," आई म्हणाली. "त्यायच्याच झाडाचा ठेवू. आता पुन्हा त्याचे आंबे कुठून येतीन?"

पडल्या झाडाचे जून आंबे मी उतरवले. आढी घालणं, आंबे गवतात पिकायला ठेवणं, हे बाबांचं काम. माझा अनुभव त्यातले आंबे चोरण्यापुरता. ते प्रत्येक आंब्याला पेराएवढा देठ ठेवायचे, कोरडा करूनच गवतात मांडायचे. मला ते नसते चोचले वाटायचे. मी देठ मोडून टाकले, चिखल लागला म्हणून सगळे आंबे एकाच टोपात धुतले आणि घाईत ओलेच गवतात दडपले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

आखाजीच्या सकाळी गवत उचललं तर आंबूस वास नाकात गेला. पहिला आंबा देठापाशी काळा पडलेला. दुसराही तसाच. मी एकेक काढत गेले, एक तरी, निदान एक तरी, असं पुटपुटत. खालच्या थराला तर पांढुरकी बुरशी चढली होती, हात लावला की साल सुटून येई. बाबांसाठी एवढी एकच गोष्ट करायची होती आणि ती मी माझ्या हातानं कुजवली. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"आई, मी बाजारातून आणते."

आई माझ्याजवळ खाली बसली. ढिगातला त्यातल्या त्यात बरा आंबा तिनं उचलला.

"काऊन रडून राह्यली? डागी आंबा त्यायनंच खाल्ला जन्मभर. चांगल्या फोडी तुले देये, न् सडका भाग काढून उरलेली कोय सोता चोखत बसे."

मला आजवर वाटत होतं, बाबांना कोयच आवडते.

आईनं तो आंबा माझ्या हातात दिला. मी तो घागरीवर ठेवला. काळी बाजू दिसू नये म्हणून भिंतीकडे फिरवायला गेले, तर अंगठा देठाच्या जागी सरळ आत शिरला.