मामांचा भात आणि विटकरी रंग

पन्नासच्या दशकात मी बोदलकशाजवळच्या एका लहान दवाखान्यात कंपाउंडर होतो. लघवी निळ्या औषधात टाकून उकळायची; निळी राहिली तर ठीक, विटकरी झाली तर साखर. हे काम मी अशा थाटात करी, की नातेवाईक मला अर्धा डॉक्टर समजत आणि मीही कुणाला अडवत नसे.

एकदा माझे मामा घरून बाटली भरून घेऊन आले. रंग विटकरी झाला. मी लाल शाईने नोंद केली आणि डॉक्टरांनी भात बंद केला. मामांची सगळी शेती धानाची.

"काऊन रे भाशा, मंग मी खाऊ का? बैलावानी तणस?"

"ज्वारी खा, मामा."

"ज्वारी तू खा. रोग तूच काढला."

सोबत आलेल्या मामी बाटलीकडे बघत होत्या. "नागझिऱ्याचा मध होता जी इच्यात. पण म्या खंगाळली होती."

डॉक्टरांनी दवाखान्याची स्वच्छ बाटली देऊन मामांना पुन्हा मोरीत पाठवलं. या खेपेस रंग निळाच राहिला.

"आता थे लाल खोडून टाक," मामा म्हणाले. "नाही त उद्या दुसरा डाक्तर येईल अन् माहा भात बंद करन."

पण आलेला निकाल खोडायचा नाही, शेजारी कारण लिहायचं, असा डॉक्टरांचा नियम. मी लिहिलं, 'बाटली मधाची होती. फेरतपासणीत साखर नाही.' मामांनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, डॉक्टर नको म्हणत असताना खाली अंगठा उमटवला आणि मामींना म्हणाले, "चाल वो, भात मांड घरी जाऊन."